मे महिन्यातला शेक

आमच्याकडे मे महिन्यातसुद्धा पहाटे घोंगडी लागते. हे मी एटापल्लीत कुणाला सांगितलं की लोक हसतात आणि मला राग येतो. मी कांदाटी खोऱ्यातली. महाबळेश्वराच्या मागच्या अंगाला, कोयनेच्या पाण्यापलीकडे आमचं गाव. पावसाळ्यात तिथे कपडे चुलीवर वाळवावे लागतात, भिंतींना ओल येते, मिठाला पाणी सुटतं. अशा ठिकाणी तान्हं बाळ जगवायचं म्हणजे त्याला ऊब द्यायची. दुसरं शास्त्र नाही. आणि त्या शास्त्रात माझा हात धरणारं खोऱ्यात कुणी नव्हतं. बाळंतीण घरी आली की पहिला निरोप हौसाबाईला, म्हणजे मला. पायांवर बाळ घेऊन कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, तेल जिरवायचं, धुरी द्यायची आणि कुंची-टोपडं बांधून दुपट्यात असं गुंडाळायचं की नुसतं नाक दिसावं. अशी बेचाळीस बाळं माझ्या पायांवर न्हाली. त्यातली दोन आज पोलिसात आहेत, एक तलाठी आहे. मी मोजून ठेवलीत, कारण मला त्याचा गर्व आहे. आहे म्हणजे होता.

माझा मुलगा अंकुश नऊ वर्षांपूर्वी एटापल्लीच्या आश्रमशाळेत मास्तर म्हणून लागला. ऑर्डर आली तेव्हा आम्ही दोघं नवराबायकोंनी नकाशावर गाव शोधलं आणि वितीनं अंतर मोजलं. महाराष्ट्राचं एक टोक आमचं, दुसरं ते. पोरगा म्हणाला, तीन वर्षांत बदली करून घेतो. तीन वर्षांत त्यानं लग्न केलं. सून तिथलीच, गोंडांची, करिश्मा नावाची, पोस्टात कामाला. लग्नाला माझी हरकत नव्हती, हरकत होती ती अंतराला. गेल्या वर्षी आमचे मालक गेले. अंकुश फेब्रुवारीत येऊन माझं सामान बांधून मला घेऊन गेला. सुनेला तेव्हा सातवा संपत आला होता. मी एका पिशवीत ओवा, बाळंतशेपा, वेखंड आणि स्वतः शिवलेल्या चार कुंच्या घेतल्या. बाकी काय घेतलं ते आता आठवतही नाही.

फेब्रुवारीतलं एटापल्ली बघून मी चक्क फसले. सकाळी धुकं, झाडांना पालवी, अंगात स्वेटर घालावा इतकी थंडी. मी अंकुशला म्हणाले, "ह्यालाच तुम्ही ऊन ऊन म्हणता होय?" तो नुसता हसला. आपला मुलगा आपल्याला हसला की समजावं, काहीतरी पुढे वाढून ठेवलेलं आहे.

मार्च संपता संपता ते आलं. आमच्या भाड्याच्या घरावर टिनाचं छत. सकाळी नऊलाच ते तडतडायला लागायचं. उंबऱ्याबाहेर पाय ठेवला की कुणीतरी भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा तोंडावर यायचा. ओठ फुटले. एकदा भाजी निवडता निवडता नाकातून रक्त आलं. मला वाटलं, आपण आता मालकांच्या मागे चाललो. करिश्मानं डोकं मागं न करता पुढे वाकवायला लावलं, नाक चिमटीत धरलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, इथी नवीन माणसाले होतेच हे." आणि घाम म्हणावा तर येतच नव्हता. आला की तिथल्या तिथे वाळायचा, अंगावर नुसतं मीठ राहायचं. एकाच गोष्टीचा मला आनंद झाला. दुपारी नळ सोडला की छपरावरच्या टाकीतून कढत पाणी यायचं. मी म्हटलं, वा! बाळाला न्हाऊ घालायला चूल पेटवायची गरज नाही. एवढी माझी अक्कल.

नात झाली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. काळीसावळी, दाट जावळाची, हातांच्या मुठी घट्ट मिटलेल्या. तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी रडले. मालक असते तर, असं मनात आलं आणि रडले. करिश्माची आई नीलाबाई गावाहून आली होती. तिचं गाव जंगलात, एटापल्लीपासून बसनं दोन तास आणि पुढे चालत. चार दिवस राहिली आणि परत गेली, कारण मोहफुलं गळायला लागली होती आणि ती काही कुणासाठी थांबत नाहीत. जाताना ती मला म्हणाली, "तू आहे ना, इहीनबाई. मंग मले घोर नाई." विहिणीला इथे इहीन म्हणतात, आणि बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. पहिल्याच भेटीत अगंतुगं करणारी विहीण मी जन्मात पाहिली नव्हती, त्याचा मला थोडा रागच आला होता. पण ते वाक्य मला आवडलं.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हां तिघांना उभं करून सांगितलं होतं. उन्हाळा आहे. शेक नाही, धुरी नाही. एक पातळ सुती झबलं पुरे. खोली हवेशीर ठेवा, बाळ दर दोन तासांनी अंगावर पाजा. मी त्यांच्याकडे बघत होते. वय असेल अठ्ठावीस. हिनं किती बाळं हातांनी न्हाऊ घातली असतील, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो मी तिथेच सोडून यायला हवा होता. मी तो घरी आणला.

घरी कूलरवरून पहिली ठिणगी पडली. ओला वारा बाळंतिणीच्या अंगाला लागला की जन्माची दुखणी लागतात, असं मी म्हणाले. अंकुश म्हणाला, "आई, इथे कूलरशिवाय माणूस शिजतं." शेवटी कूलर बाहेरच्या खोलीत आणि मधलं दार उघडं, अशी तडजोड झाली. शेक बंद, धुरी बंद. मी तोंड फुगवून राहिले. मुलाच्या घरात आपलं काम ते काय, भाकरी थापायची आणि दुपारी पडून राहायचं? मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. बाजारात गेले तर मी मास्तरची आई. माझ्याकडे एकच विद्या होती, आणि तीच या घरात नको झाली होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात अंकुशला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला गडचिरोलीला जावं लागलं. तो सकाळी गेला आणि अर्ध्या तासानं बाळ शिंकलं. मग आणखी एकदा शिंकलं.

आमच्या खोऱ्यात दोन शिंका म्हणजे सर्दीची नांदी. मी लगेच कपाळाला हात लावला, छातीला कान लावला. मला घरघर ऐकू आली. नसेलही, पण मला ऐकू आली. मी शेगडी काढली, निखारे केले, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकला आणि करिश्माच्या खाटेखाली सरकवली. मधलं दार लावलं. बाळाला कुंची बांधली, वर दोन दुपटी.

करिश्मा म्हणाली, "आई, बहुत गरम होऊन राह्यलं तिले. राहू द्या ना."

"बेचाळीस बाळं न्हाऊ घातलीत मी," मी म्हणाले. "सर्दी छातीत उतरली म्हणजे? चार दिवस तरी माझं ऐक. अंकुशला सांगायची गरज नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. ही पोरगी जात्याच कमी बोलणारी. तिचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं मी धरून चालले. पुढे ती पदरानं बाळाला वारा घालताना दिसली की मी म्हणायची, वारा नको. ती थांबायची.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. बाळ सकाळपासून शांत झोपलं होतं. दोनदा उठवून पाजायला घेतलं तरी दोन घोट घेऊन परत मान टाकत होतं. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "बघ, ऊब मिळाली की कशी गाढ झोपते." हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी समाधानानं बोलले होते ते.

करिश्मानं दुपटं बाजूला करून बाळाच्या पोटाला हात लावला आणि ती ओरडली. मी तिचा मोठा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाळाचं अंग तव्यासारखं तापलं होतं, ओठ कोरडे आणि सकाळपासून लंगोट ओला झालेला नव्हता, हे आम्हां दोघींच्या एकाच वेळी लक्षात आलं. करिश्मानं कुंची ओढून काढली, बाळ छातीशी धरलं आणि अनवाणी पळाली. दुपारचे दोन वाजले होते. डांबर वितळलं होतं. मी छत्री घेऊन मागे धावत होते आणि मला ती गाठता येत नव्हती.

दवाखान्यात बाळाला टेबलावर ठेवून नर्सनं ओल्या फडक्यानं पुसायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई वाकल्या आणि त्यांनी वास घेतला.

"धुराचा वास येतोय हिला. खोलीत शेगडी होती?"

मी हातातली छत्री मिटत राहिले.

"ह्या उन्हात कुणी शेक दिला? कुणी गुंडाळलं हिला?"

मी सांगणार होते. निदान मला तसं वाटतं. पण त्याआधीच करिश्मा म्हणाली, "मी."

"तू? अगं, शिकलेली आहेस ना? पोस्टात काम करतेस ना?" डॉक्टरीणबाई हातानं काम करता करता तिला बोलत राहिल्या. बाळाला काय होऊ शकलं असतं ते सगळं त्यांनी सांगितलं. करिश्मा खाली मान घालून ऐकत होती, तिच्या पायांच्या तळव्यांना फोड आले होते. आणि मी, बेचाळीस बाळांची हौसाबाई, भिंतीला टेकून उभी होते. सगळ्यांसमोर मान खाली जायची भीती वाटली, दुसरं काही नाही. लहान मुलांना खोटं बोलू नका म्हणून मी आयुष्यभर दटावलं. त्या दिवशी मी एक शब्दही न बोलता खोटं बोलले.

सलाईन लागलं. संध्याकाळी बाळ रडलं आणि हावरटासारखं प्यायलं. दवाखान्यातल्या सगळ्या बायका हसल्या. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले आणि देवाला, मालकांना, जो कुणी ऐकत असेल त्याला हात जोडले.

फोन गेल्यावर अंकुश गाडी करून दिवेलागणीला पोचला. आधी लेकीजवळ गेला, मग बायकोकडे वळला. चिडला तो. म्हणाला, "डॉक्टरांनी नको सांगितलं होतं ना? आणि आई घरात आहे ना तुझ्या? तिला विचारायचं तरी!"

करिश्मा म्हणाली, "चुकलं माह्यं."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बाळ घरी आलं आणि अंकुशचा निरोप मिळून पाठोपाठ नीलाबाई आली. तेंदूपानांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. वर्षातले हेच दहा-पंधरा दिवस सगळं गाव पहाटेपासून जंगलात असतं. ते टाकून ती आली होती. आल्या आल्या पाणी प्यायली, बाळाला उचलून उलटसुलट पाहिलं, आणि लेकीकडे वळून गोंडीत जे सुरू झाली ते बाळ रडायला लागलं तेव्हाच थांबली. मला गोंडी येत नाही. पण आई लेकीला काय बोलते आहे हे कळायला भाषा यावी लागत नाही. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "इथी जंगलात जन्मली, इथीच वाढली, अन् उन्हाळ्यात लेकरू कसं ठेवावं ते समजत नाई हिले! तू तं बाहेरची. तुले नाई समजलं तं चालते. हिले काऊन नाई समजलं?"

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्याच दिवशी तिनं अंकुशला कामाला लावलं. दुपार कलल्यावर दोघांनी अंगणात बांबू रोवले, आडव्या काठ्या बांधल्या आणि वर जांभळीच्या डहाळ्यांची जाड शाकारणी केली. असा मांडव इथे उन्हाळ्यात घरोघरी असतो. मी तो बघितला होता, पण कुणाकडे लग्नकार्य असेल असं समजून सोडून दिला होता. एटापल्लीत एवढी लग्नं कशी, असंही एकदा मनात आलं होतं. मांडवाखालची जमीन नीलाबाईनं शेणानं सारवली, वरून पाणी शिंपडलं, दोन खांबांना जुन्या लुगड्याची झोळी बांधली. बाळ तिच्यात नुसत्या लंगोटावर. टिनाखाली रडणारं ते लेकरू मांडवात हात पसरून झोपायचं. तिच्या मुठी तिथे पहिल्यांदा उघडलेल्या पाहिल्या मी.

पुढचे आठ दिवस मी पहिलीतल्या पोरीसारखी नीलाबाईच्या मागे हिंडले. पहाटे चारला उठायचं, नऊच्या आत पाणी, भांडी, स्वयंपाक आटपायचं. नऊनंतर घराची दारं-खिडक्या बंद, संध्याकाळी पाचला उघडायच्या. आमच्याकडे उलटं, उकडलं की पहिली खिडकी उघडायची. मी रोज दुपारी खिडकीकडे हात नेला की ती मांडवातून ओरडायची, "उघडू नोको!" मधलं दार मात्र सताड उघडं आणि कूलर चालू. सकाळी चहाऐवजी तांदळाच्या कण्यांची आंबील. पहिल्या दिवशी त्या आंबटसर वासानं मला मळमळलं. तिसऱ्या दिवशी मी दुसरा पेला मागितला.

एकदा मी उन्हात भांडी घासत बसले होते. मुद्दामच बसले होते म्हणा ना. मला स्वतःला काहीतरी शिक्षा करून घ्यायची होती. नीलाबाई उठून आली.

"काऊन उन्हात बसून राह्यली? मरतं का?"

तिनं मला दंडाला धरून मांडवात आणलं, खाली बसवलं, माझा अंबाडा सोडला आणि माठातल्या पाण्यात पिळलेलं फडकं माझ्या टाळूवर ठेवलं. मग स्वतःच्या हातांनी माझ्या तळपायांना कांदा चोळायला लागली. माझ्या आईनंतर माझ्या पायांना कुणी हात लावला नव्हता. मी हिच्या नातीला भाजून काढलं, आणि ही माझे पाय हातात घेऊन बसली होती. मला रडू आलं. ती म्हणाली, "कांदा झोंबला असन." मी हो म्हणाले. तेही खोटंच.

मी दोनदा सांगायचं ठरवलं. एकदा ती मोहाची फुलं भाजत होती तेव्हा जवळ जाऊन बसले, आणि मीठ संपलंय एवढंच सांगून उठले. दुसऱ्यांदा करिश्मानंच मला अडवलं. मी स्वयंपाकघरातून निघाले, ती दारात उभी होती. हळूच म्हणाली, "राहू द्या, आई. माह्या मायचं बोलणं मले लहानपणापासून सवयीचं आहे. तुमाले नाई सोसणार." आणि पुढे होऊन पुन्हा बोलणी खायला मांडवात जाऊन बसली. रोज खायची ती. बाळ जरा रडलं की नीलाबाईची टकळी सुरू. त्या आठ दिवसांत तिनं लेकीला बाळ न्हाऊ घालू दिलं नाही, की झोळीची दोरी हातात घेऊ दिली नाही. पाजायला तेवढी द्यायची आणि पाजून झालं की काढून घ्यायची. करिश्मा रिकाम्या हातांनी बसून राहायची. तिचे ते हात मला बघवत नव्हते.

नवव्या दिवशी संध्याकाळी सगळे मांडवात बसलो होतो. अंकुश चहा पीत होता. नीलाबाई म्हणाली, "जवाई, मी हिले अन् लेकराले गावले नेतो. उद्याच. उन्हाळाभर तिकडेच राहू द्या. लेकरू मी पायतो. हिच्या भरवशावर आता मी लेकरू ठेवत नाई."

अंकुशनं करिश्माकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. तो म्हणाला, "तुम्हांला बरं वाटत असेल तर न्या. मलाही आता भीती वाटते."

म्हणजे नवराही तसंच समजत होता. लेकराला सांभाळता न येणारी आई, हा शिक्का आता तिच्यावर बसणार होता. आज दोन माणसांत, उद्या तिच्या गावात, पुढे पोर मोठी झाली की तिच्या कानावरसुद्धा. आणि तो शिक्का माझा होता. बाळ गावाला नेलं तर मी इथे काय करणार हेही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण तोंड उघडलं ते करिश्मामुळे.

मी म्हणाले, "शेक मी दिला होता."

कुणाला कळलंच नाही आधी. म्हणून मी परत म्हणाले. सगळंच सांगितलं. दोन शिंका, शेगडी, लावलेलं दार, चार दिवस अंकुशला सांगू नकोस म्हणाले ते, गाढ झोपली म्हणून कौतुक केलं ते. "ही नको म्हणत होती. मी हिचं ऐकलं नाही. दवाखान्यात हिनं माझा गुन्हा स्वतःवर घेतला आणि मी घेऊ दिला. नऊ दिवस घेऊ दिला."

अंकुशच्या हातातला कप तसाच राहिला. "आई," एवढंच म्हणाला तो. मग उठला, करिश्माच्या शेजारी जाऊन बसला आणि तिचा हात हातात घेतला. आमच्यासमोर त्यानं असं कधी केलं नव्हतं.

नीलाबाईनं झोळीतून बाळ काढलं, पाजायला लेकीच्या मांडीवर दिलं, आणि बाहेर जाऊन फाटकाशी पाठमोरी उभी राहिली. रात्री जेवली नाही. मी माझी पिशवी भरून ठेवली. मुलानं जा म्हणायच्या आधी आपण जावं, एवढी लाज मला होती. कुठे जायचं हा प्रश्न होता, कारण गावचं घर मालक गेल्यापासून एका बाजूनं बसलं होतं.

पहाटे उठून अंगणात आले तर नीलाबाई निघायच्या तयारीत होती. कमरेला पदर खोचलेला, गाठोडं बांधलेलं. एकच गाठोडं होतं. करिश्माचं सामान कुठे दिसेना. मला वाटलं, रागानं एकटीच चालली. मी पुढे होऊन तिच्या पाया पडायला वाकले, तशी तिनं मला खांद्याला धरून उभं केलं.

"चूक लय मोठी केली तू," ती म्हणाली. "लेकरू मेलं असतं. ते मी इसरत नाई."

"हो," मी म्हणाले.

"पण मी रातभर इचार केला. नऊ दिस मी पोट्टीले शिव्या देल्ल्या. तोंडाले येईन ते बोललो. तरी तिनं तुहं नाव घेतलं नाई. मी तिले जन्म देल्ला, मले मालूम आहे ते. लहानपणी भाऊ चुकला का हे मार खाये, पण त्याचं नाव सांगत नोती. बाहेरच्यासाठी एक चापट खाणारी नाई ते. घरच्यासाठीच अशी गप रायते." ती थांबली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला राग आला होता. "म्हंजे तू तिची झाली, इहीनबाई. मंग मी इथी कायले बसून राहू? माहे पानं सुटून राह्यले तिकडं."

ती झोळीकडे गेली, बाळ काढलं आणि माझ्या हातांत दिलं. नऊ दिवसांत मी तिला हात लावला नव्हता.

"बस. न्हाऊ घाल. मी पायतो अन् मंगच जातो."

मी जमिनीवर पाय पसरून बसले. बेचाळीस बाळं न्हाऊ घातलेले पाय, आणि मला एक बाळ त्यांच्यावर नीट ठेवता येईना. नीलाबाईनं सावलीतल्या रांजणातून पाणी काढलं. गरम न केलेलं. मी हात घालून पाहिलं. आमच्याकडे या पाण्यानं कुणी बाळ न्हाऊ घातलं असतं तर मी त्याला उभ्या गावात फिरू दिलं नसतं. मी तोंड वर केलं. करिश्मा पंचा घेऊन समोर उभी होती, कधी आली कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी बाळाच्या आईला विचारलं, "एवढं गार चालेल का गं तिला?"

"चालते, आई. घाला."

मी पहिला तांब्या घातला. बाळानं एकदम श्वास आत घेतला आणि माझाही श्वास थांबला. मग तिनं पाय झाडले, दोन्ही, आणि तोंडानं कसलातरी आवाज केला. रडण्याचा नव्हता तो. दुसरा तांब्या घातला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात दोन्ही गुंतलेले, पुसणार कशानं.

"करिश्मा," मी म्हणाले, "मी तुझी..."

"आई, तिच्या कानात पाणी जाऊन राह्यलं," ती खाली बसत म्हणाली. "तिकडं लक्ष द्या."

मी बाळाच्या कानावर हात आडवा धरला, आणि करिश्मानं पंच्याच्या टोकानं आधी माझे डोळे पुसले.